माझ्यानंतरच्या जगाची काळजी मी का करू?

पत्र थोडक्यात: मुलुंडला राहणारे ५७ वर्षांचे गृहस्थ. बँकेत नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं आहेत. नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं आणि तिथल्या गणेशोत्सव मंडळाचे हिशेब ते आजही बघतात. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मोठा भाऊ राहायचा. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. एका बिल्डरचा कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) मोठा आहे, पण त्याच्या आराखड्यात सगळा प्लॉट पोडियमखाली, म्हणजे गाड्यांसाठीच्या काँक्रीटच्या चौथऱ्याखाली, जातो आणि मागच्या अंगाची जांभळाची आणि रेन ट्रीची जुनी झाडं जातात. दुसऱ्याचा कॉर्पस बराच कमी, पण मागची जमीन मोकळी राहते आणि बहुतेक झाडं वाचतात. सभेत हे गृहस्थ म्हणाले, "पन्नास वर्षांनी इथे सावली असली काय, नसली काय, आपल्यातलं कोण बघायला असणार आहे?" आईशेजारी बसलेली २२ वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, मी असेन ना." सभा पुढे चालू राहिली. या दोघांचं बोलणं मात्र तेव्हापासून थांबलंय.

ते लिहितात: "मी वाईट माणूस नाही. रक्तदान करतो, घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाची फी भरतो. पण २०८० सालाचा विचार केला की आत काही हलतच नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांचं समजतं. पुनर्जन्म मी मानत नाही. आप मेला जग बुडालं, हे ऐकायला कठोर असलं तरी खरंच आहे ना? त्यात समुद्र वर येणार, उन्हाळे वाढणार, असं रोज वाचतो. जे बुडणारच आहे त्याच्यासाठी मी आज हातचे पैसे का सोडू? मी स्वार्थी आहे, की फक्त खरं बोलतोय?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही स्वार्थी आहात असं मला वाटत नाही. पण तुम्ही 'फक्त खरं बोलताय' असंही वाटत नाही. पत्रातला माणूस जे म्हणतो आणि जे करतो, त्यांत बरंच अंतर आहे, आणि मी तुमच्या म्हणण्यापेक्षा करण्याकडे जास्त बघणार आहे.

आधी मुलाबाळांचं. 'ज्यांना मुलं आहेत त्यांचं समजतं' हे वाक्य मला येणाऱ्या पुष्कळ पत्रांत असतं. मूल नसलेले लिहितात, मुलं कायमची परदेशी गेलेलेही लिहितात. मला ते पटत नाही. आईबाप आपल्या मुलांची काळजी करतात: शाळा, अ‍ॅडमिशन, नोकरी, घर. ती काळजी मोलाची आहे, पण बहुतेक वेळा ती आपल्या उंबऱ्यापाशी थांबते. तुमच्या सभेतच आठवून बघा, मोठ्या कॉर्पससाठी हात वर करणाऱ्यांत नातवंडं असलेले किती जण होते.

आणि उलट बाजूचं उदाहरण याच शहरात आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांना मूल नव्हतं. त्यांनी आणि मालतीबाईंनी तसं ठरवूनच संसार केला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या विचारांपायी १९२५ मध्ये गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला १९५२ साली, म्हणजे कर्व्यांचं आयुष्य जेमतेम वर्षभर उरलं असताना. दुसऱ्यांच्या बायकांची लागोपाठची बाळंतपणं, अजून जन्मालाही न आलेल्या मुलींचं आयुष्य, यासाठी या माणसाने आपला पैसा, नोकरी आणि नाव खर्ची घातलं. त्यात आपला वंश, आपलं रक्त, हा हिशेब कुठेच नव्हता. तुम्ही कर्वे व्हावं असं मी सुचवत नाही. मूल नाही म्हणून पुढच्या काळाशी नातं नाही, एवढं मात्र मनातून काढून टाका.

आता ते २०८०. तुमच्या आत काही हलत नाही, असं तुम्ही लिहिता. सालाच्या आकड्यावर कुणाचाच जीव जडत नाही. न पाहिलेल्या माणसांसाठी ज्यांचं मन भरून येतं अशीही माणसं असतात, पण थोडी. तुम्ही त्यांतले नाही म्हणून स्वतःला दगड समजू नका. मात्र आधी आतून काही वाटायला हवं, मगच हात चालवायचे, हा जो क्रम तुम्ही धरून बसलाय, तो तपासून बघा. घरात वर्षानुवर्षं आजारी माणसाचं करणाऱ्या कुणालाही विचारा. रोज सकाळी काही उमाळा येत नाही. औषधाची वेळ झाली की उठावं लागतं. माया असतेच, पण पुष्कळदा ती कामाच्या मागून येते.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, आणि मला सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची वाटली. गेल्या वर्षी मंडळातल्या दोन पोरांना तुम्ही हिशेब शिकवायला बसवलंत. कपाटातून १९५३ ची वही काढलीत. लाल कापडाची बांधणी, कडा कसरीने खाल्लेल्या, वर्गणीच्या नोंदी रुपये-आण्यांत, आणि पहिल्याच ओळीत 'मागील शिल्लक'. ज्यांच्या हातची ती वही आहे त्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. पण त्यांनी मांडवाचा खर्च आणि बत्तीचं भाडं वेगळं लिहिलं होतं, म्हणून तुम्हीही आजवर मांडव वेगळा आणि रोषणाई वेगळी लिहीत आलात. पोरांनी विचारलं, दोन्ही एकत्र टाकलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "पुढच्याला कळणार नाही."

हा पुढचा तुमचा कोण लागतो? तो कोण असेल हेही तुम्हाला माहीत नाही. तो वही उघडेल तेव्हा तुम्ही असाल-नसाल. तरी त्याची अडचण होऊ नये म्हणून तुम्ही मुलुंडहून गिरगावात जाऊन, सुटीच्या दिवशी, दोन पोरांसमोर बसलात. 'आप मेला जग बुडालं' मानणाऱ्या माणसाला याची काही गरज नव्हती.

सॅम्युएल शेफलर या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक प्रश्न विचारला होता. समजा, तुम्ही पूर्ण आयुष्य जगणार आणि शांतपणे जाणार हे नक्की आहे. पण तुमच्यानंतर बरोबर तीस दिवसांनी एक लघुग्रह आदळून पृथ्वी नष्ट होणार, हेही तुम्हाला आजच कळलं. तुमच्या आयुष्यातला एक दिवसही कमी होत नाही. मग तुमचं रोजचं जगणं आहे तसंच चालू राहील का? शेफलरांचं म्हणणं असं की बहुतेकांचं राहणार नाही. परळला कर्करोगावर संशोधन करणारी मुलगी सकाळची लोकल कशासाठी पकडेल? पेणचा मूर्तिकार हाताखालच्या पोराला डोळ्यांची आखणी कशाला शिकवेल? आणि तुम्ही रोषणाईचा खर्च वेगळा लिहाल का? आज आपण जे मनापासून करतो त्यातल्या किती तरी गोष्टींना अर्थ येतो तो आपल्यामागे माणसं असणार आहेत म्हणून. ही गोष्ट इतकी सवयीची आहे की ती आपल्याला वेगळी अशी जाणवतच नाही. तुम्हाला काळजी नाही असं नाही. ती हिशेबाच्या वहीत इतकी मुरलेली आहे की सभेत बोलताना तुमच्या लक्षात आली नाही.

म्हणून पुढच्या काळाचा विचार करताना साल घेऊ नका, माणसं घ्या. तुम्ही लहानपणी ज्यांच्या मांडीवर बसलात अशा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं जन्मसाल आठवा. तुमची आजी असेल, चाळीतली कुणी आत्या असेल; १९०० च्या आसपासचा जन्म असायला हरकत नाही. आणि तुमच्या इमारतीत आज जे सगळ्यात लहान बाळ आहे, ते धडधाकट राहिलं तर २१०० ओलांडून पुढे जाईल. या दोन्ही टोकांना तुमचा हात लागलेला आहे. दोनशे वर्षांचा पट्टा झाला, आणि त्यात एकही अनोळखी माणूस नाही. २०८० त्याच्या आतच येतं.

दुसरा मुद्दा तुम्ही थेट लिहिला नाही, पण पत्रभर तो आहे: माझ्या एकट्याच्या करण्याने काय होणार, आणि कोण त्याची आठवण ठेवणार? याला उत्तर म्हणून मला कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट सांगाविशी वाटते. ही वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी नियमित होत होती. सुई डोळ्यांनी बघायची, आकडा हाताने लिहायचा. रोज, रात्रीसुद्धा, ठरलेल्या वेळांना. कंटाळवाणं काम, आणि त्याचा तेव्हा रोजच्या जगण्यात कुणाला काय उपयोग असेल हे सांगणंही अवघड. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला सूर्यावरून एक प्रचंड वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यात त्या वेळी पाळीवर असलेल्याने सुईची घसरण बघितली आणि नेहमीप्रमाणे आकडे लिहीत गेला. चुंबकीय क्षेत्र मोजायच्या आजच्या एककात ती घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. तेव्हा मुंबईत वीज नव्हती, उपग्रह तर स्वप्नातही नव्हते.

ते कागद जपले गेले. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजणीत घोळ होणार हे दिसल्यावर १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं, खंड पडू न देता, आणि आजही तिथे ते चालू आहे. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कुलाब्याचे ते आकडे वापरून १८५९ चं वादळ किती मोठं होतं याचा अंदाज बांधला. त्याहून बऱ्याच लहान वादळाने १९८९ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. त्यामुळे वीजपुरवठा आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना वाईटात वाईट काय होऊ शकतं याची मोजपट्टी हवी असते, आणि तिच्यातली एक महत्त्वाची नोंद एका मुंबईच्या वहीतून आलेली आहे. लिहिणाऱ्याला हे कळण्याची काही शक्यता नव्हती. त्याने आपली पाळी नीट केली, आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी कागद रद्दीत घातले नाहीत. या दोन कामांपैकी एक तरी आपल्यातल्या प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. मला दुसरं जास्त आवडतं. त्याला फार हुशारी लागत नाही, पण ते करणारं कुणी नसेल तर पहिलं वाया जातं.

'जे बुडणारच आहे' याबद्दल थोडं रागानेच लिहिते, कारण हे वाक्य आजकाल शहाणपणाचं म्हणून फार सहज मान्य होतं. समुद्राची पातळी वाढते आहे, उन्हाळे वाढताहेत, हे खरं. पण बुडणं आणि न बुडणं अशा दोनच गोष्टी नसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस कुठल्याही शहराला जडच गेला असता. पण मिठी नदीचं पात्र वर्षानुवर्षं भराव, बांधकामं आणि कचरा यांनी आवळत आणलेलं नसतं, तर पाणी इतकं चढलं नसतं आणि इतकी माणसं गेली नसती. ते एका दिवसात झालं नव्हतं. कुणी तरी थोडा भराव टाकला, कुणी तरी सही केली, कुणी तरी दुर्लक्ष केलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी मनात हेच म्हटलं असणार की पुढचं पुढे. किंमत मोजणारे वेगळे होते. तुमच्या मागच्या अंगणातली उघडी माती पावसाचं पाणी पिते. काँक्रीटचा पोडियम ते रस्त्यावर ढकलतो. मे महिन्यात झाडाखालचं आवार आणि सिमेंटचं आवार यांत किती फरक पडतो हे मुलुंडकरांना मी सांगायला नको. शहर वाचेल की नाही हा प्रश्न तुमच्या सोसायटीपुढे नाहीच. एका गल्लीत पाणी घोट्यापर्यंत चढेल की गुडघ्यापर्यंत, हा आहे. महापालिकेने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य आहे. ते गाठलं जाईल का, यावर वाद घालता येईल. पण त्या वर्षी तुमची पुतणी पन्नाशीचीही झालेली नसेल, यावर वाद नाही.

आपण स्वतः दुसऱ्यांच्या दूरदृष्टीवर जगतो, हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून लांबवत नाही. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. दर जुलैत वर्तमानपत्रात सात तलावांच्या पाणीसाठ्याचा तक्ता येतो त्यात तिन्ही अजून आहेत. विहार आणि तुळशीचं पाणलोट क्षेत्र म्हणून जे रान राखलं गेलं, ते आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे, आणि त्याचा एक काठ तुमच्या मुलुंडला लागतो. पण या गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणजे पुढच्यांसाठी करतानाही कोण 'पुढचे' म्हणून मोजले गेले आणि कोण नाही, हा प्रश्न उरतोच. मला एवढंच दिसतं की पुढच्यांचा विचार करायचा नाही असं ठरवता येतं, पण त्यांच्यावर परिणाम करायचा नाही असं ठरवता येत नाही. पोडियम झाला तरी तो साठ वर्षं तिथे राहणार, झाडं राहिली तरी तीही राहणार.

आता पैशाकडे येते, कारण मला शंका आहे की खरी गाठ इथे आहे.

तुम्ही लिहिता, 'हातचे पैसे का सोडू'. मूल नसलेलं जोडपं, निवृत्ती तोंडावर, आणि आठ महिन्यांपूर्वी भावाचं आजारपण जवळून पाहिलेलं. हॉस्पिटलचं बिल काय असतं, रात्रीची आया किती घेते, हे तुम्हाला आता नेमकं माहीत आहे. आपलं कोण करणार, ही धास्ती खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सभेत तुम्ही ती बोललात नाही. त्याऐवजी पन्नास वर्षांनंतरच्या सावलीची गोष्ट केलीत. 'मला म्हातारपणाची भीती वाटते, म्हणून मला मोठा कॉर्पस हवा' असं म्हणाला असतात, तर कदाचित चार जणांनी मान डोलावली असती आणि पुतणीलाही लागलं नसतं.

त्यामुळे आधी ही भीती कागदावर उतरवा. तुम्ही बँकेतले आहात, तुम्हाला मी काय शिकवणार. पण दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब रोज करणारी माणसं स्वतःचा टाळतात, हे मी पाहिलंय. पेन्शन किती, पीएफ किती, दोघांचा आरोग्य विमा निवृत्तीनंतर किती चालू राहतो, महिन्याचा खर्च किती, अंथरुणाला खिळण्याची वेळ आली तर वर्षाला किती लागेल. मग दोन्ही कॉर्पसमधला फरक त्या आकड्यांशेजारी मांडा. तो फरक तुमच्या म्हातारपणाची चार वर्षं सांभाळणार असेल तर ते गंभीर आहे, आणि मोठ्या कॉर्पसला मत दिलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. तो फरक एका मोठ्या गाडीएवढा असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. सध्या तुम्हाला हे माहीतच नाही. आणि पन्नास वर्षं विसरा: ५७ व्या वर्षी माणसापुढे सहज पंचवीस वर्षं असू शकतात. ऐंशीच्या घरात गुडघे धरून खाली उतराल तेव्हा बसायला झाडाखालचा बाक असेल की गाड्यांचा रॅम्प, हा तुमच्याच उद्याचा प्रश्न आहे.

शिवाय हे दोनच पर्याय आहेत, हे कुणी ठरवलं? मोठा कॉर्पस देणाऱ्याला लेखी विचारा, पोडियम एका बाजूने आत घेऊन मागच्या रांगेतली झाडं राखता येतील का आणि त्याने कॉर्पस नेमका किती कमी होतो. सोसायटीच्या सल्लागाराकडून दोन्ही आराखड्यांवर मोकळ्या मातीचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये मांडून घ्या, नुसतं 'ग्रीन एरिया' असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. पोडियमवरच्या कुंड्यांनाही तेच म्हणतात. झाडांची वयं तपासून घ्या. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज ट्री' धरलं जातं, आणि त्याला हात लावायची परवानगी सोपी नसते. म्हणजे झाडं तोडायचा प्रस्ताव वाटतो तेवढा झटपट पुढे सरकेलच असं नाही, आणि तोवर तुम्ही भाड्याच्या घरात असाल. बिल्डर 'झाडं दुसरीकडे लावून देतो' म्हणाला तर कुठे, कोण पाणी घालणार, आणि मेली तर काय, हे करारात घाला. मोठं झाड हलवलं की जगतंच, असं अजिबात नाही.

तुमच्यासारख्या इतरांसाठीही दोन गोष्टी. पुढच्यांसाठी काही करायचं म्हणजे मोठं दान किंवा मोठी चळवळ असं वाटून बरेच जण सुरुवातच करत नाहीत. त्यापेक्षा आपल्या हातात आधीच असलेलं, आपल्याबरोबर संपून जाईल असं एक काम निवडावं आणि ते कुणाच्या तरी हाती द्यायची सोय करावी. गावच्या जत्रेची पद्धत असेल, भजनी मंडळाच्या चाली असतील, ट्रेकिंग ग्रुपमधलं दोर बांधण्याचं ज्ञान असेल. तुमच्या बाबतीत त्या वह्या आहेत. कसर पुढे सरकण्याआधी त्या स्कॅन करून घ्या, त्या दोन पोरांनाच कामाला लावा.

दुसरं, कागदपत्रं. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सोसायटीत नॉमिनीचं नाव लावलं म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, हा समज चुकीचा आहे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मूल नसलेल्यांनी तर हे लांबणीवर टाकूच नये, कारण आपल्यामागे आपलं काय कुठे जावं हे सांगण्याची ती एकमेव जागा आहे. नेत्रदानाची इच्छा असेल तर नुसता फॉर्म भरून भागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावं लागतं आणि शेवटचा होकार घरच्यांचा असतो, म्हणून घरात बोलून ठेवा.

आणि आता भाऊ. चार पानांच्या पत्रात त्यांच्या जाण्याला तुम्ही अर्धी ओळ दिलीत. ज्या सभेत तुम्ही 'आपल्यातलं कोण असणार आहे' म्हणालात, त्या सभेत तुमच्या शेजारची त्यांची खुर्ची पहिल्यांदाच रिकामी होती. दुःखात पुढचा काळ सपाट दिसतो. तुमचं 'आत काही हलत नाही' हे थोडंफार त्यातून आलेलं असू शकतं. झोप, जेवण, मंडळाचं काम, यांतही गोडी उरली नसेल तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुतणीचंही तेच. वडील जाऊन आठ महिने झालेल्या मुलीसमोर तिचा काका म्हणाला की नंतर कोण उरणार. तिने झाडांची बाजू घेतली असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं तिने तुम्हाला, मी अजून आहे, एवढंच सांगितलं. तिला पर्यावरणावरच्या वादात हरवायला किंवा जिंकू द्यायला जाऊ नका. आणि आता तूच माझं भविष्य, असलं ओझंही तिच्यावर टाकू नका. ते तिने मागितलेलं नाही. दोन्ही आराखडे घेऊन एका संध्याकाळी खाली जा. 'त्या दिवशी मी जे बोललो ते तुला लागलं असणार' हे आधी म्हणा, कागद नंतर उघडा. ती २२ वर्षांची आहे, तिला नकाशे तुमच्यापेक्षा भराभर वाचता येतील. आणि वहिनींना बोलण्यात घ्या. त्या फ्लॅटचं मत आता त्यांचं आहे, आणि या आठ महिन्यांत त्यांना काय हवंय हे कुणी विचारलं असेल, असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.